प्रकाशतलवार सुट्या भागांतून जोडायची आहे? मूठ सगळ्यात शेवटी घ्या

बटण दाबलं की पात्यात खालून वर उजेड चढत जातो. हात फिरवला की तलवार घुमते, दुसऱ्या पात्यावर आपटली की लखकन पांढरी चमक येते. ही स्टार वॉर्स चित्रपटांतली प्रकाशतलवार, म्हणजे लाइटसेबर. अशी तलवार तयार विकतही मिळते. पण स्वतः जोडलेली तलवार आपल्या हाताच्या मापाची असते, बिघडली तर आपणच उघडून दुरुस्त करतो, आणि पुढे कधी नुसता आवाज-उजेड सांभाळणारा आतला बोर्ड बदलला की तीच तलवार पुन्हा नवी होते. त्यातलं सुख मोठं आहे आणि ते जास्त लोकांना मिळावं असं मला मनापासून वाटतं.

या छंदात नवीन आलेले बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात: ते आधी मूठ विकत घेतात. मूठ देखणी असते, फोटोत तीच दिसते, त्यामुळे मन तिच्यावर जाणारच. मग घरी आल्यावर कळतं की सेल आत जात नाही, बोर्ड बसवला तर बटणाची बॉडी त्याला टेकते आणि स्पीकरला जागाच उरत नाही. महागाची नळी कपाटात पडून राहते. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी पातं, मग बोर्ड आणि सेल, मग कागदावर मांडणी, आणि त्यानंतर मूठ.

आधी जमवून ठेवा

हत्यारं फार लागत नाहीत, पण आहेत ती नीट हवीत.

- तापमान कमी-जास्त करता येणारी सोल्डरिंग आयर्न, बारीक टोकाची. सोबत ०.६ किंवा ०.८ मि.मी.ची सोल्डर वायर आणि सोल्डर नीट धरवणारा फ्लक्स
- मल्टिमीटर. साधा चालेल, पण कंटिन्युइटीला, म्हणजे जोड सलग असला की, बीप देणारा हवा
- व्हर्निअर कॅलिपर. पट्टीने मापं घेऊन हे काम होत नाही
- वायर स्ट्रिपर, कटर, बारीक चिमटा
- हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळून जोड झाकणारी नळी), दोन-तीन मापांच्या
- ॲलन कीचा सेट, मिलिमीटर आणि इंच दोन्ही. अमेरिकी मुठींचे स्क्रू बहुधा इंचातले असतात
- हॅकसॉ, कानस, पॉलिश पेपर, मास्किंग टेप

पुण्यात असाल तर यातलं जवळपास सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. स्पीकर, बटणं, वायर, रेझिस्टर, मायक्रो एसडी कार्ड हेही तिथेच घ्या. साउंडबोर्ड, मूठ आणि पात्याचे खास कनेक्टर मात्र बहुतेक वेळा बाहेरून मागवावे लागतात.

१. तलवार कशासाठी हवी, ते आधी ठरवा

पात्यात उजेड आणायच्या दोन पद्धती आहेत आणि पुढचा सगळा खर्च आणि सगळी मेहनत यावर ठरते.

पहिल्या पद्धतीत मुठीच्या तोंडाशी एकच जोरदार एलईडी असतो. त्याखाली उष्णता ओढून घेणारं तांब्याचं किंवा ॲल्युमिनिअमचं मॉड्यूल आणि वर भिंग. पातं म्हणजे फक्त पोकळ नळी, आत उजेड पसरवणारी फिल्म. पातं मोडलं तर नवी नळी घातली की झालं. आपटाआपटी करायची असेल, लहान मुलांच्या हातात द्यायची असेल किंवा सोल्डरिंग पहिल्यांदाच करत असाल, तर हीच पद्धत घ्या.

दुसरीत पात्याच्या आत पूर्ण लांबीभर एलईडीच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून असतात, आणि प्रत्येक एलईडी वेगळा हुकूम ऐकतो. याला पिक्सेल पातं म्हणतात. उजेड खालून वर चढणं, ज्वाळेसारखं थरथरणं, टोकाशी वितळल्यासारखं दिसणं, हे सगळं यातच जमतं. फोटो आणि व्हिडिओत हे पातं फार सुंदर येतं. पण महाग असतं, जास्त करंट ओढतं, आणि जोराच्या माराने आतला एखादा जोड सुटला तर त्याच्या पुढचे एलईडी बंद पडतात.

लढणं हा काही नुसता पोरखेळ राहिलेला नाही. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये या तलवारींच्या द्वंद्वाला अधिकृत स्पर्धात्मक प्रकार म्हणून मान्यता दिली. तसं खेळायचं असेल तर जाड भिंतीच्या नळीचं साधं पातं घ्या आणि पिक्सेलचा मोह दुसऱ्या तलवारीसाठी राखून ठेवा. एकाच तलवारीत दोन्ही हौसा भागवायला गेलं की दोन्हीकडे तडजोड होते.

२. पातं: पॉलिकार्बोनेटच

पात्याची नळी पॉलिकार्बोनेटची असते. दुकानात तिच्याशेजारी तशीच दिसणारी ॲक्रिलिकची नळी स्वस्तात मिळते, आणि दुकानदार "एकच आहे हो" असंही सांगेल. ते एक नाही. ॲक्रिलिक आपटल्यावर तडकून धारदार तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेट वाकतं, चेपतं, पण असे तुकडे उडवत नाही. डोळ्यांच्या इतक्या जवळ फिरणाऱ्या वस्तूत ही तडजोड करू नका.

जास्त चालणारं माप बाहेरून १ इंच, म्हणजे २५.४ मि.मी. भिंत पातळ हवी असेल तर साधारण १.६ मि.मी., लढायला साधारण ३ मि.मी. लांबी ८० ते ९० से.मी. आपल्याकडे एक सापळा आहे. स्थानिक व्यापाऱ्याकडची नळी अनेकदा बरोबर २५ मि.मी.ची असते. इंचाच्या मुठीत ती ०.४ मि.मी. ढिली बसते आणि खडखडते. तळाला पारदर्शक टेपचे एक-दोन वेढे घातले की ती घट्ट होते. २६ मि.मी.ची मात्र आतच जाणार नाही. म्हणून दुकानात व्हर्निअर घेऊन जा आणि नळीची दोन्ही टोकं मोजा.

कापताना खुणेवर मास्किंग टेप गुंडाळा, बारीक दातांच्या हॅकसॉने हलक्या हाताने कापा, कड पॉलिश पेपरने घासा. नळी थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नका, त्याने पॉलिकार्बोनेटवर बारीक भेगा पडतात आणि नळी आतून कमकुवत होते. साबणाचं पाणी पुरतं.

पिक्सेल पातं घरी बनवायचं असेल तर डब्ल्यूएस २८१२बी जातीची, मीटरला १४४ एलईडी असलेली पट्टी घ्या. पट्टीवर बाण छापलेले असतात. डेटा बाणाच्या दिशेने जातो, म्हणून बाण मुठीकडून टोकाकडे हवेत. दोन्ही पट्ट्यांचे बाण एकाच दिशेला आहेत ना, हे चिकटवण्याआधी पाहा. चिकटवल्यावर पट्टी सोलताना तांब्याचे पॅड उखडतात. पट्ट्यांभोवती पांढऱ्या फोमची पातळ नळी येते, ती एलईडीचे ठिपके मिटवून उजेड सलग करते.

इथे एक हिशेब करून ठेवा, तो सेल निवडताना लागेल. ९० से.मी. पात्यात एका पट्टीवर साधारण १३० एलईडी, दोन्ही मिळून २६०. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी ५० मिलिअँपिअरच्या आसपास खातो. म्हणजे कागदावर १३ अँपिअर. या एलईडींना ५ व्होल्ट लागतात असं धरलेलं असतं, आपला सेल त्याहून कमी देतो आणि तारांमध्येही तूट येते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा खाली येतो. तरी तयारी मोठ्या आकड्याची ठेवा.

३. बोर्ड

साउंडबोर्ड हा तलवारीचा मेंदू. त्यावर हालचाल ओळखणारा सेन्सर, स्पीकरचा ॲम्प्लिफायर, मायक्रो एसडी कार्डाची खाच आणि एलईडी चालवणारे मॉस्फेट असतात. सेन्सर हाताचा वेग सतत मोजतो, आणि चांगला बोर्ड त्या वेगाप्रमाणे दोन आवाज एकमेकांत मिसळत जातो. हळू फिरवलं तर खालचा गुणगुणता सूर, झटका दिला तर वरचा. जुन्या बोर्डांत प्रत्येक फेरीला तोच ठरीव आवाज वाजायचा. फरक ऐकताक्षणी कळतो.

नवख्यांपुढे साधारण दोन रस्ते असतात. झेनोपिक्सेल किंवा एसएन-पिक्सेलसारखे बोर्ड तयार आवाज आणि रंग घेऊन येतात. कार्ड घातलं, तारा जोडल्या की तलवार चालू. दुसरा रस्ता प्रॉफीबोर्डचा. त्याचं सॉफ्टवेअर खुलं आहे, फ्रेड्रिक ह्युबिनेट यांनी ते उभं केलं. आर्डुइनो या छोट्या बोर्डांना प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरमधून आपल्याला हवं तसं वागायला त्याला शिकवता येतं. वेळ लागतो, पण हातात येतं ते खरोखर आपलं असतं. संगणकावर दोन-चार ओळी बदलायची भीती वाटत नसेल तर मी प्रॉफी सुचवेन. वाटत असेल तर पहिली तलवार तयार बोर्डावर करा. त्यात काही कमीपणा नाही.

बोर्ड ठरला की त्याचं वायरिंगचं चित्र छापून भिंतीला लावा. "दुसऱ्या बोर्डाला असंच होतं" या भरवशावर एकही तार जोडू नका.

४. सेल: या पायरीवर घाई नको

बहुतेक मुठींत १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल बसतो. नावातच माप आहे: १८ मि.मी. जाडी, ६५ मि.मी. लांबी. नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. ज्या सेलला संरक्षक सर्किट जोडलेलं असतं तो चार-पाच मि.मी. लांब असतो. मांडणीत ही लांबी विसरली की पॉमेल, म्हणजे मुठीचं शेपटाकडचं टोपण, बंद होत नाही.

बाजारात "९९०० एमएएच" छापलेले सेल सर्रास दिसतात. ते खोटे असतात. चांगल्या कंपनीच्या या मापाच्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते, आणि जास्त करंट देणाऱ्या सेलची त्याहून कमी. हातात घेऊन पाहा, खरा सेल साधारण ४५ ग्रॅमच्या वर भरतो, खोटा पोकळ हलका लागतो. पिक्सेल पात्यासाठी सतत १५ अँपिअर किंवा जास्त देणारा, साध्या एलईडीसाठी त्याहून कमीही चालेल.

काही नियम मात्र मोडायचेच नाहीत. सेलच्या टोकाला थेट सोल्डर मारायचं नाही, त्या उष्णतेने आतलं आवरण बिघडतं. होल्डर वापरा. सेलवरचं प्लास्टिक फाटलं असेल तर तो वापरू नका, कारण धातूच्या मुठीत उघडा सेल म्हणजे शॉर्टला आमंत्रण. सुटा सेल नाण्यांसोबत, किल्ल्यांसोबत खिशात टाकू नका, त्याची प्लास्टिकची डबी मिळते. आणि फुगलेला, गरम होणारा, वास येणारा सेल घरात ठेवू नका, ई-कचऱ्यात द्या.

चार्जिंगसाठी मुठीत पिन बसवता येते, पण पहिल्या तलवारीत सेल बाहेर काढता येईल अशीच रचना करा. चांगल्या बाहेरच्या चार्जरवर तो डोळ्यासमोर चार्ज होतो, आणि तलवार वापरात नसताना सेल काढून ठेवला की बोर्ड त्याला हळूहळू रिकामाही करत नाही.

५. कागदावर मांडणी

हे काम टाळू नका. ग्राफ पेपर घ्या, मनात असलेल्या मुठीची आतली पोकळी खऱ्या मापात काढा आणि तोंडापासून शेपटीपर्यंत एकेक वस्तू मांडत जा. पिक्सेल तलवारीसाठी ढोबळ हिशेब असा:

- पातं मुठीत शिरण्याची जागा: ४५ ते ५० मि.मी.
- पात्याचा आणि मुठीचा कनेक्टर: १५ मि.मी.
- बटणाची बॉडी आणि तिच्या तारा: २५ मि.मी.
- बोर्ड: ४० मि.मी.
- सेल होल्डरसह: ७८ मि.मी.
- स्पीकर आणि त्यामागची मोकळी जागा: १५ मि.मी.
- तारांना वळायला: निदान १५ मि.मी.

बेरीज २३३ ते २३८ मि.मी. येते. सगळं एकामागे एक ठेवलं तर मूठ आतून एवढी लांब हवी. आतला व्यास ३० मि.मी.च्या वर असेल तर बोर्ड सेलच्या पाठीवर बसवता येतो आणि लांबी ४० मि.मी.ने वाचते. तुमच्या बोर्डाची, बटणाची, स्पीकरची खरी मापं विक्रेत्याच्या चित्रावरून घ्या आणि हे आकडे बदला. तारा कागदावर जागा खात नाहीत, मुठीत खातात. शेवटची ओळ कधीही शून्य करू नका.

६. आता मूठ

आता मात्र मनासारखी मूठ निवडा, मापाची यादी हातात ठेवून. सुट्या भागांची मूठ साधारण चार तुकड्यांची असते: वरचं तोंड म्हणजे एमिटर, त्यात पातं बसतं. मग बटणाचा भाग. मग पकड. शेवटी पॉमेल, त्याला स्पीकरचा आवाज बाहेर यायला भोकं. सगळे आट्यांवर एकमेकांत फिरतात. धातू बहुधा ॲल्युमिनिअम.

आट्यांकडे नीट लक्ष द्या. एका कंपनीच्या तुकड्याचे आटे दुसऱ्या कंपनीच्या तुकड्यात बसतीलच असं नाही, बाहेरून दोन्ही सारखेच दिसले तरी. पहिल्या वेळी सगळे तुकडे एकाच मालिकेतले घ्या. वेगवेगळे मिसळायचे असतील तर विक्रेत्याला आट्यांचा व्यास आणि इंचाला किती आटे हे दोन्ही विचारा. जोडताना आटा तिरका लागतोय असं वाटलं तर जोर लावू नका, उलटं फिरवून "टक्" असं जाणवलं की सरळ फिरवा. ॲल्युमिनिअमचा आटा एकदा मेला की लेथवाल्याकडे जावं लागतं.

पातं ज्या स्क्रूने पक्कं होतं तो ग्रब स्क्रू एमिटरला आहे ना पाहा. शक्यतो दोन असावेत. चांगला लेथवाला ओळखीचा असेल तर पॉमेल किंवा पकड इथेच बनवून घेता येते. पुण्यात भोसरी, चिंचवडकडे छोटी वर्कशॉप पुष्कळ आहेत. त्यांना चित्र नको, नमुना द्या. जोडीचा तुकडा सोबत दिला की आटे बरोबर निघतात.

सुट्या भागांतून तलवार जोडणं ही या तलवारीच्या जन्मापासूनची रीत आहे. १९७७ च्या स्टार वॉर्समधली नायकाची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स या जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. सेट डेकोरेटर रॉजर क्रिश्चन यांनी त्याला पकडीसाठी काळ्या पट्ट्या चिकटवल्या, आणि कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची बुडबुड्यांसारखी प्लास्टिकची पट्टी बसवली. त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या एका मुठीत रोल्स-रॉइसच्या डरवेंट इंजिनाची नळी आहे आणि नळाची चावीही आहे. त्यामुळे भंगारच्या दुकानात एखादा जुना पितळी तुकडा आवडला तर तो मुठीवर चढवायला मुळीच संकोच करू नका.

७. तारा: आधी टेबलावर, मग मुठीत

सगळं टेबलावर पसरून जोडा आणि चालवून पाहा. मुठीत घालून मग जोडायला गेलात तर एक सैल जोड शोधायला सगळं पुन्हा बाहेर काढावं लागतं.

सेलच्या आणि पात्याच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह तारा जाड हव्यात, २० किंवा २२ गेज. बटण, स्पीकर, डेटा यांना २८ गेज पुरते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). सगळीकडे जाड तार वापरली तर मूठ बंद होत नाही, सगळीकडे बारीक वापरली तर पातं मंद पेटतं आणि तार तापते. सिलिकॉनच्या आवरणाची मऊ तार घ्या, ती वळते आणि आयर्नच्या उष्णतेने आवरण वितळत नाही.

बटण क्षणिक हवं. म्हणजे दाबलं की जोडतं, सोडलं की तोडतं. दुकानात तसंच दिसणारं, दाबलं की अडकून बसणारं बटणही असतं. मल्टिमीटर बीपवर ठेवून दाबून-सोडून पाहा, मगच पैसे द्या. मुठीला १२ मि.मी.चं भोक असेल तर बटण १२ चंच घ्या. १६ च्या बटणाची बॉडीही लांब असते आणि ती बोर्डाला टेकते.

स्पीकर साधारण २८ मि.मी.चा. बोर्डाला ४ ओहम चालतो की ८, ते त्याच्या पुस्तिकेत असतं. स्पीकरच्या मागची हवा कोंडली की आवाज चिरका येतो, मागे थोडी बंद पण मोकळी पोकळी सोडा.

एकच एलईडी वापरत असाल तर रेझिस्टरचा हिशेब असा. समजा लाल एलईडी साधारण २.२ व्होल्टवर चालतो आणि त्याला १ अँपिअर द्यायचा आहे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो. उरलेले २ व्होल्ट रेझिस्टरने झेलायचे, म्हणजे २ ओहम. त्यात २ वॉट उष्णता होते, तर रेझिस्टर ३ वॉटचा घ्या. हिरव्या आणि निळ्या एलईडीला व्होल्टेज जास्त लागतं, त्यांचा रेझिस्टर लहान येतो. तुमच्या एलईडीच्या माहितीपत्रकातले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

पिक्सेल पात्यात डेटाच्या तारेत ३३० ते ४७० ओहमचा एक छोटा रेझिस्टर टाकतात, बोर्डावर आधीच नसेल तर. तो पहिल्या एलईडीला झटक्यापासून वाचवतो. प्रॉफीबोर्डवर पात्याचा निगेटिव्ह एका मॉस्फेटवर न देता दोन शेजारचे पॅड जोडून त्यांवर देतात, म्हणजे करंट वाटला जातो.

सेल घालण्याआधी मल्टिमीटरने तीन गोष्टी तपासा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमध्ये शॉर्टची सलग बीप येत नाही ना. धातूच्या मुठीचा कुठल्याही तारेशी संबंध नाही ना. होल्डरची दिशा चित्राप्रमाणे आहे ना. उलटा सेल घातला तर बरेच बोर्ड क्षणात जातात, आणि ते दुरुस्त होत नाहीत.

८. कार्ड आणि सॉफ्टवेअर

मायक्रो एसडी कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. आवाजांच्या फाइल डब्ल्यूएव्ही असतात, एकेका तलवारीच्या आवाजाचा एकेक फोल्डर. फाइलची नावं बदलू नका, बोर्ड नावावरूनच ओळखतो कुठला आवाज कधी वाजवायचा. मूळ कार्डाची एक प्रत संगणकावर ठेवा.

प्रॉफी संगणकाला जोडल्यावर दिसतच नसेल, तर आधी यूएसबी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलींत फक्त वीज जाते, डेटाच्या तारा नसतात. कॉन्फिगरेशनमध्ये पात्यातल्या एलईडींची खरी संख्या एका पट्टीची भरा, कारण दोन्ही पट्ट्या एकच डेटा ऐकतात. पहिल्यांदा आवाज कमी ठेवा.

९. बंद करा आणि हाताने तपासा

सगळं चेसिसवर, म्हणजे आतले भाग धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर बसवा, तारा झिप टायने बांधा आणि चेसिस सरकवताना एकही तार कडेला चिमटत नाही ना ते पाहा. बटणाच्या भागाचे आटे फिरवताना आतल्या तारा पिळल्या जातात, म्हणून चेसिस शेवटी आणि सरळ आत जाईल असा क्रम ठेवा. पातं घालून ग्रब स्क्रू बोटांच्याच जोराने आवळा. फार आवळला तर नळीला तडा जातो.

दहा मिनिटं चालू ठेवा आणि मूठ चारही बाजूंनी चाचपा. एलईडीजवळ कोमट लागणं ठीक. सेलच्या जागी गरम लागलं तर लगेच बंद करून सेल काढा. एकच एलईडी असलेल्या तलवारीत पातं नसताना उघड्या भिंगात कुणी पाहू नये, मुलांना हे आधी सांगून ठेवा.

१०. मागवताना आणि नेताना

परदेशातून भाग मागवले की कुरिअर कंपनी केवायसी मागते. आधार किंवा पॅन, पत्त्याचा पुरावा, आणि पैसे दिल्याचं बिल तयार ठेवा. सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) लागतो, तो खर्चात आधीच धरा. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्यामुळे पाकिटावर मोघम "टॉय" लिहिलेलं असेल तर माल अडकू शकतो. विक्रेत्याला प्रत्येक भागाचं खरं, नेमकं वर्णन लिहायला सांगा: ॲल्युमिनिअमची नळी, स्पीकर, सर्किट बोर्ड. सुटे लिथियम सेल विमानाने पाठवण्यावर कडक बंधनं आहेत आणि बरेच विक्रेते ते पाठवतच नाहीत. सेल इथेच घ्या.

विमानाने नेताना मूठ आणि पातं चेक-इन सामानात, सुटे सेल डबीत घालून हातातल्या बॅगेत. मुंबई कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांत दाराशी साधनं तपासतात, पातं काढता येईल असं ठेवलं तर तपासणी लवकर उरकते.

चालत नसेल तर

बटण दाबल्यावर पातं पेटायच्या आत बोर्ड पुन्हा सुरू होतो: सेल कमजोर आहे, किंवा होल्डरची स्प्रिंग करंट नीट देत नाही.

पातं अर्ध्यापर्यंतच पेटतं: जिथे थांबलं तिथला किंवा त्याच्या आधीचा एलईडी गेला आहे, किंवा पट्टीचा जोड सुटला आहे.

लाल मागितला तर हिरवा येतो: सॉफ्टवेअरमध्ये रंगांचा क्रम उलटा भरला आहे. हार्डवेअर उघडू नका.

मुठीजवळ पांढरं आणि टोकाशी नारिंगी दिसतं: पट्टीच्या लांबीत व्होल्टेज पडतंय. निळ्या आणि हिरव्याला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात आणि लाल उरतो. टोकापर्यंत एक जादा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह तार नेऊन दोन्हीकडून वीज दिली की रंग सारखा होतो. नवं पातं बनवत असाल तर ती तार पहिल्याच वेळी टाका, फोम चढवल्यावर ती घालता येत नाही.